मॅचची वायर

मनोहरभाऊ झाडे क्रिकेट पाहत नसत, जाहिराती पाहत. सामना सुरू असला की ते टीव्हीकडे पाठ करून एखाद्या उघड्या रेडिओच्या तारांना डाग देत बसायचे. ओव्हर संपली की मान वळवायचे. साबण, टायर, थंड पेय, पुन्हा साबण. तेवढं पाहून झालं की मान परत कामात. नवख्या माणसाला वाटे, यांचं काहीतरी बिनसलं आहे.

"ओव्हर म्हंजे काय, सांगा बरं?" पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं.

"सहा बॉल."

"नाई जी. दोन जाहिरातींच्या मंधात जो वखत राह्यते, त्याले ओव्हर म्हनते. तो वखत कसा काढाचा, म्हनून हे बावीस लोकं कामाले लावले."

एवढं बोलून ते स्वतःच इतके हसले की हातातली डागणी हलली. आपल्या विनोदावर आपणच आधी हसायचं, ही त्यांची सवय होती. समोरचा हसला नाही तर ते तोच विनोद पुन्हा सांगत.

सिंदी (रेल्वे) गावाला टीव्हीवरचं क्रिकेट दिसत होतं ते या माणसामुळे. स्टेशनापासून कापसाच्या जिनिंगपर्यंत आणि तिथून पार माळ्यांच्या वाड्यांपर्यंत छपराछपरांवरून जी काळी वायर गेली होती, ती त्यांची. झाड्यांचं मूळ दुकान सरकी आणि ढेपेचं. थोरला भाऊ गल्ल्यावर बसे. मनोहरभाऊंनी मागच्या खोलीत आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गच्चीवर एवढी मोठी डिश उभी केली, की वरात पाहावी तसे लोक ती पाहायला आले. त्या खोलीत एकावर एक टीव्ही रचलेले होते आणि ढेपेचा वास काही केल्या जात नसे. आजही कुठे गुरांची ढेप भिजवलेली असली, की मला मोठमोठ्याने ओरडणारं स्टेडियम आठवतं.

मी त्या खोलीत गेलो तो वसुलीसाठी. माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खेळाच्या एका वाहिनीने क्रिकेटचे सामने अफाट किमतीला विकत घेतले होते. तो पैसा परत यायच्या वाटा दोन. जाहिरातवाल्याकडून दर दहा सेकंदांमागे, आणि गावोगावच्या केबलवाल्याकडून दर कनेक्शनमागे. दुसऱ्या वाटेचं काम त्या वाहिनीने नागपूरच्या एका वितरकाकडे दिलं होतं, आणि त्या वितरकाचा वर्धा जिल्ह्यातला माणूस मी. तिशीही गाठली नव्हती. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, सकाळच्या पॅसेंजरने सिंदी, सेलू, हिंगणघाट, पुलगाव असं आळीपाळीने फिरायचं.

आपली कनेक्शनं किती, हे केबलवाल्याने स्वतः सांगायचं असे. तो आकडा कमी असतो हे आम्हाला ठाऊक असे, आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असे. मग चहा पीत पीत मधला एक आकडा ठरे. मनोहरभाऊही कमीच सांगत. या बाबतीत ते काही संत नव्हते. घासाघीस करताना ते इतके रंगात येत, की सुमनवहिनी आतून ओरडत, "अहो, त्या पोराले जेवू तं द्या आधी, मंग लुटा!"

मी जेवायचो. दर महिन्याला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वर मिरचीचा ठेचा. नियमात बसत नव्हतं, पण वहिनींना नियम सांगायची कुणाची टाप होती?

मनोहरभाऊ बुटके होते. खिशात स्क्रूड्रायव्हर आणि कानाला कायम एक पेन्सिल. राग आला की ते बोलत नसत, त्या माणसाच्या टीव्हीत मुंग्या आणत. कुणी बाजारात चारचौघांत त्यांचा अपमान केला, की पुढच्या सामन्याला त्याच्या घरी पडद्यावर नुसत्या मुंग्याच. तो माणूस धावत येई. भाऊ शांतपणे म्हणत, "हवामान खराब हाय नं जी." एकदा तर सख्ख्या थोरल्या भावाच्या घरी त्यांनी आठ दिवस मुंग्या दाखवल्या, कारण काय तर वाटणीतली एक शिडी त्याने दिली नाही. शिडी आली, मुंग्या गेल्या.

डिशच्या आधीच्या दिवसांतली त्यांची एक गोष्ट गावात सगळे सांगत. तेव्हा मॅच असली की ते जिनिंगच्या फाटकाशी रेडिओ लावत, त्याला भोंगा जोडत आणि शेजारी फळा टेकवून खडूने स्कोअर लिहीत. कापसाच्या गाड्या उभ्या असत, गाडीवान, हमाल, अडत्ये सगळे फळ्यासमोर. समोरच्यांची विकेट पडली की भाऊ हातभर अक्षरात लिहीत. आपली पडली, की फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात इतकं बारीक लिहीत, की मागच्यांना दिसू नये.

"भाऊ, मोठं लिवा नं! दिसून नाई राह्यलं!"

"दिसाले पाह्यजेच काऊन? काई चांगलं हाय का त्याच्यात?"

लोक हसत आणि तरीही पुढे येऊन वाचत. या माणसाला क्रिकेटचं काही नाही, असं जे मला वाटलं होतं, ते या गोष्टीनंतर थोडं हललं. पूर्ण गेलं ते काट्याच्या दिवशी.

त्यांच्या खोलीत एक जुना स्टॅबिलायझर होता, पत्र्याचा, पुढच्या बाजूला विजेचा दाब दाखवणारा काटा. संध्याकाळी गावात दाब नेहमीच कमी असे, त्यामुळे तो काटा मलूल पडलेला असायचा. एका सामन्याच्या वेळी मी तिथे बसलो होतो. टीव्हीचा पडदा काळा होता, भाऊ त्याचंच काहीतरी उघडून बसले होते. एकाएकी तो काटा झटकन वर गेला. आणि भाऊ मान न उचलता म्हणाले, "गेला."

"कोण?"

"आपला मोठा ओपनर. दुसरा कोन?"

मला वाटलं गंमत करताहेत. तेवढ्यात त्यांचा लाइनमन गजू बाहेरून तोंड पाडून आला. "आउट झाला भाऊ."

भाऊंनी मला समजावलं. तो एक खेळाडू बाद झाला, की अर्धं गाव चिडून टीव्ही बंद करतं. एका क्षणात इतके टीव्ही बंद झाले, की विजेवरचा भार उतरतो आणि काटा उडतो. पाच-दहा मिनिटांनी लोकांचा राग निवतो, मग एकेक टीव्ही परत लागतो आणि काटा हळूहळू खाली येतो.

"बाकीचे गेले का काटा थोडासा हालते. काही जन असे हायेत, का ते गेले तरी हालतच नाई. त्याइचा अ‍ॅव्हरेज कितीबी राहो." त्यांनी काट्याच्या काचेवर बोट वाजवलं. "टीव्हीवर सगळं मोजून दाखवते आताशा. कोनी कोनाचे किती बॉल खेल्ले, कोनत्या कोपऱ्यात मारले, बॉलचा स्पीड किती. पन पाह्यनाऱ्याले कोन मोजते?"

मी हसून म्हणालो, "त्याचसाठी तर कंपनीनं मला ठेवलंय भाऊ."

ते हसले नाहीत. "तुमी तारा मोजता, साहेब," ते म्हणाले. "मानसं नाई."

तेव्हा मला ते नुसतं वाक्य वाटलं.

आता मॅचच्या वायरीबद्दल. हा सिंदीचा रिवाज होता आणि तो भाऊंनीच पाडला होता. मोठी मॅच असली, की ज्याच्या घरी कनेक्शन आहे त्याने शेजाऱ्याला नाही म्हणायचं नाही. एका वायरीतून दुसरी काढायची, तिच्यातून तिसरी. ज्यांच्याकडे नुसता जुना ब्लॅक अँड व्हाइट होता, तेही त्या दिवशी तो पुसून ओट्यावर मांडत. गजू आणि भाऊ स्वतः सायकलवर वायरीची गुंडाळी घेऊन फिरत आणि मागेल त्याला जोडून देत. पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गुंडाळी घेऊन परत फेरी. जोडलेलं सगळं काढायचं, गुंडाळायचं, पुढच्या मॅचसाठी ठेवायचं. कुणी वायर काढू दिली नाही असं कधी झालं नाही.

"फुकट कशाला देता?" मी विचारलं होतं.

"मॅच एकट्यानं पाह्याची वस्तू हाय का?" मग डोळा बारीक करून, "अन एक दिवस रंगीत टीव्हीची चव लागली, का दोन-चार घरं पुढच्या मयन्यात कनेक्शन मांगतेच." धर्म आणि धंदा त्यांच्यात असे एकाच गुंडाळीत होते. वेगळे करून दाखवा म्हटलं असतं तर त्यांनाही जमलं नसतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, गावातून मोठमोठे लाकडी नंदी निघत. त्यांच्या उंचीमुळे रस्त्यावरची वायर अडे. तेव्हा भाऊ लांब बांबू घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालत आणि प्रत्येक चौकात वायर उचलून धरत, नंदी खालून जाऊ देत. मी ते एकदाच पाहिलं. मान वर, दोन्ही हात बांबूला आणि तोंडाने सारखं, "या, या, या, चालू द्या." गावावरची सगळी वायर आपण एकट्याने तोलून धरली आहे, अशी त्यांची ऐट होती.

मग सामन्यांचे हक्क पुन्हा विकले गेले, आधीपेक्षा कितीतरी महाग. तो भाव वरून खाली उतरत उतरत नागपूरच्या वितरकाच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या टेबलावर आला आणि तिथून माझ्याकडे. चहा पिऊन आकडा ठरवायचे दिवस गेले, असं साहेबांनी आम्हाला बैठकीत सांगितलं. घरोघर जाऊन मोजा. खरा आकडा आणा. ज्याचा आकडा सगळ्यात जास्त वाढेल, त्याला नागपूरला घेऊ.

मला नागपूरला जायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. बायकोचं आजारपण, आईचं ऑपरेशन असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण घरी सगळे ठणठणीत होते.

सिंदीची मोजणी मी मॅचच्या दिवशी केली.

मुद्दाम केली. त्या दिवशी लोक घरी सापडतात, वायरी उघड्यावर असतात, टीव्ही ओट्यावर असतो, हे मला ठाऊक होतं. साहेबांना मी सांगितलं, की त्या दिवशी कुणी लपवू शकत नाही. ते खरंच होतं. मी गल्लोगल्ली तक्ता घेऊन फिरलो आणि कुणीही लपवलं नाही. उलट लोकांनी खुर्ची दिली. "केबल हाय का?" विचारलं, की घरातला माणूस अभिमानाने पडद्याकडे बोट दाखवी. "हाय नं! बसा, स्कोअर पाहून जा." भाऊंचा माणूस म्हणूनच गाव मला ओळखत होतं. कुणी सरबत दिलं. माळ्यांच्या वाडीत एक म्हातारी वांगी निवडत टीव्हीसमोर बसली होती. मी लिहितोय पाहून ती म्हणाली, "बावा, आमची आजच्यापुरतीच हाय बरं. उद्या काढून नेते तो."

मी ऐकलं. माझ्या तक्त्यात 'आजच्यापुरती' असा रकाना नव्हता. मी 'आहे' या रकान्यात खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.

माझ्या मोजणीत एकही घर खोटं नव्हतं. आकडा आला तो भाऊंनी सांगितलेल्याच्या दुपटीहून पुष्कळ वर. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

नोटीस गेली. इतक्या कनेक्शनांचे मागचे सगळे पैसे भरा, नाहीतर चालू स्पर्धेच्या फायनलच्या दिवशी प्रक्षेपण बंद. भाऊ दुसऱ्याच दिवशी वर्ध्याच्या ऑफिसात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, कानाला पेन्सिल नव्हती. त्यांना मी पहिल्यांदाच तसं पाहत होतो. साहेब त्या दिवशी नागपूरहून आलेले होते.

"साहेब, हे आकडे मॅचच्या दिवशीचे हायेत," भाऊ म्हणाले. "त्या दिवशी वायर मोकळी राह्यते आमच्याकडं. दुसऱ्या दिवशी आमी काढून घेतो. तुमी उद्या या, मी सोता फिरवतो तुमाले."

"उद्या येऊ तेव्हा वायरी काढलेल्या असणारच," साहेब म्हणाले. "एवढं कळतं आम्हाला."

भाऊ जरा गोंधळले. आपलं खरं बोलणंच आपल्या विरुद्ध कसं गेलं, ते त्यांना उमगेना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, बाजारात ओळखीचं माणूस दिसावं तसा.

"हे हायेत नं! यायले माहीत हाय सगळं. आमच्याच घरी जेवते हे. सांगा नं जी साहेबाइले, मॅचची वायर काय राह्यते ते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "सर्व्हे नियमाप्रमाणे झाला आहे."

भाऊंनी टेबलावरची नोटीस उचलली, घडी केली आणि खिशात ठेवायला गेले. त्या शर्टाला खिसा नव्हता. ती घडी हातातच धरून ते जिना उतरून गेले.

फायनलच्या दिवशी मला सिंदीला पाठवलं. भाऊ दुसरीकडून चोरून प्रक्षेपण घेतात का, ते पाहायला. मी पानठेल्याच्या आडोशाला उभा राहिलो, चोरासारखा. नाणेफेक व्हायच्या आधी गावातले सगळे पडदे काळे झाले. मग एकेका घरातून माणसं बाहेर आली आणि सगळी एकाच दिशेने निघाली, ढेपेच्या दुकानाकडे.

पोट्टे पुढे होते. "भाऊ, चालू करा! काऊन बंद केलं?" "पैसे खाल्ले म्हनते कंपनीचे!" कुणीतरी गच्चीवरच्या डिशवर दगड मारला, तिचा पत्रा वाजला. दुसरा दगड मागच्या खोलीच्या खिडकीवर. भाऊ दारात आले. कंपनीने काय केलं, कुणी मोजलं, कधी मोजलं, हे सगळं ते सांगू शकले असते. मी पन्नास पावलांवर उभा होतो. नुसतं बोट दाखवलं असतं तरी लोकांनी मला तुडवलं असतं. त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

ते एवढंच म्हणाले, "सरका. भोंगा काढू द्या."

थोड्या वेळाने ते आणि गजू जुना भोंगा, रेडिओ आणि फळा घेऊन जिनिंगच्या फाटकाशी आले. फळ्यावरची धूळ त्यांनी बाहीने पुसली. रेडिओ सुरू झाला. सुरुवातीला पन्नास-साठ लोक थांबले. तरुण पोरं पॅसेंजर पकडून वर्ध्याला गेली, कुणी मोटारसायकलवर नागपूरला. रेडिओ ऐकून मॅच समजून घ्यायची सवय गावाला राहिलेली नव्हती. त्यांना स्पीड हवा होता, पुन्हा दाखवलेली विकेट हवी होती, कोपऱ्यातला आलेख हवा होता. दुपार कलली तसे लोक उठत गेले. आपली टीम हरायला लागली, मग उरलेलेही.

संध्याकाळच्या गाडीसाठी मी निघालो, तेव्हा फाटकाशी भाऊ होते आणि दोन-तीन म्हातारे हमाल. आपली शेवटची विकेट पडली होती. भाऊंनी वाकून, फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक लिहिलं. मोठं लिवा म्हणणारं कुणी नव्हतं.

दोन महिन्यांत नागपूरच्या एका मोठ्या नेटवर्कने सिंदीत पाय ठेवला. गावाने कनेक्शनं बदलली. गजू त्यांच्याकडे कामाला लागला. त्याचंही घर होतं, त्याला कुणी काही म्हणू नये. मॅचच्या दिवशी शेजाऱ्याला वायर देणं नव्या नेटवर्कमध्ये बंद झालं. तसं कुणी केलं तर दोघांचीही कापत. भाऊंनी आपली काळी वायर छपराछपरांवरून स्वतः उतरवली म्हणे, एकेका गल्लीतून, आठवडेच्या आठवडे. मला नागपूर मिळालं.

नागपूरची ती नोकरी पाच-सहा वर्षांत संपली. लोक स्वतःच्याच घरावर छोट्या डिश लावायला लागले, आमच्यासारख्या मधल्या माणसांची गरज उरली नाही. मी वर्ध्याला परत आलो, विम्याचं काम घेतलं. त्याच सुमारास वीस-वीस ओव्हरांची ती नवी स्पर्धा सुरू झाली होती आणि टीव्हीवर खेळाडूंचा लिलाव दाखवत होते. एकेकाच्या नावापुढे त्याचे आकडे, आणि त्याखाली बोली. पाहता पाहता मला काटा आठवला. सिंदीला जायचं धैर्य गोळा करायला आणखी एक उन्हाळा गेला.

गेलो तो संध्याकाळी. डिश नव्हती. दुकानावर थोरल्या भावाचा मुलगा बसला होता. मागच्या बाजूला, खोलीपुढच्या पडवीत, भाऊ खाटेवर बसले होते. डोक्यावर एक पिवळा बल्ब, दाब कमी असल्याने मिणमिणता. केस गेले होते, कानाला पेन्सिल मात्र होती.

"कोन? वर्ध्याचे साहेब का?"

"साहेब नाही राहिलो भाऊ."

"या. बसा." त्यांनी खाटेवर जागा केली. मी काय करतो, ते विचारलं. विमा म्हटल्यावर, "म्हंजे आता मानसं मोजता," असं म्हणून हसले, आधी स्वतः, पूर्वीसारखेच. मी लिलावाचा विषय काढला. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, पण त्यांना सगळं ठाऊक होतं.

"कापसाची बोली लागते तशी मानसाची लावून राह्यले. कापसाचा यापारी निदान गाडीत हात घालून पाह्यते, ओला हाय का वाळला. हे कशात हात घालते?"

सुमनवहिनी दारात आल्या. मला पाहून थांबल्या. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला, थोडा जोरात.

"कसं हाय वहिनी?"

"आपल्या पोरावानी जेवू घातलं तुमाले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी जे बोलायला आलो होतो, ते तोंडाशी आलं. "भाऊ," मी म्हणालो, "त्या दिवशी ऑफिसात..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. ते माझ्याकडे पाहत नव्हते, वर पाहत होते. बल्ब एकाएकी उजळला. पडवीचा कोपरा, भिंतीला टेकवलेला फळा, वायरीच्या गुंडाळ्या, सगळं लख्ख दिसायला लागलं.

"गेला," भाऊ म्हणाले.

गल्लीतून कुणाचा तरी चडफडण्याचा आवाज आला. भाऊंनी आत हाक मारली, "चहा टाक वं! लाइट चांगली आली."

"साखर नाई घरात," आतून उत्तर आलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग पायाच्या नखांकडे. मी बोलून टाकलं. मला ठाऊक होतं, ती मॅचची वायर होती. माळ्याच्या म्हातारीने सांगितलं होतं, तरी मी लिहिलं. साहेबांपुढे मी गप्प राहिलो नाही, खोटं बोललो. फायनलच्या दिवशी पानठेल्यामागे उभा होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मोजनी बराबर होती तुमची," ते म्हणाले. "एकबी घर सुटलं नोतं. गजूनं सांगतलं मले." मला वाटत होतं, ते रागावतील किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हीपैकी एक तरी मिळेल, या आशेनेच मी आलो होतो.

मी उठलो. ते पडवीच्या पायरीपर्यंत सोडायला आले. चपला घालताना मी म्हणालो, "येत जाईन भाऊ."

"येजा नं," ते म्हणाले. "कवाबी येजा." आणि अगदी साध्या आवाजात, "फक्त मॅचच्या दिवशी नका येऊ."

गल्लीच्या कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं. ते खाटेवर जाऊन बसले होते, मान वर करून. नवा खेळाडू मैदानात उतरला असावा. गावात एकेक टीव्ही परत लागत होता, आणि त्यांच्या डोक्यावरचा तो बल्ब हळूहळू मंद होत चालला होता.